चार शेळ्या जगल्या, त्यांचं काय?

प्रश्न असा होता: "मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, वय २९. साडेचार एकर कोरडवाहू शेती. २०१७ मध्ये बोंडअळीनं कपाशी गेली, तेव्हापासून बाबा कर्जात आहेत. मी शेळ्या घेतल्या, तर अकरांपैकी सात पावसाळ्यात मेल्या. तलाठ्याची परीक्षा दिली, थोडक्यात राहिली. आजी म्हणते, आपल्या घराण्याच्या हातालाच यश नाही. डोक्याला हे पटत नाही, पण आतून तेच वाटतं. रोज सकाळी आरशासमोर 'मी यशस्वी आहे' असं म्हणून पाहिलं, तर जास्तच खोटं वाटलं. ही समजूत मनातून काढायची कशी?"

बाळा, तुला 'तू'च म्हणते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. मी अमरावती जिल्ह्यातली. ३१ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे आणि २६ वर्षांपासून गावातल्या बायांची सामुदायिक प्रार्थना चालवते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली ही प्रार्थना, जात-धर्म न पाहता सगळ्यांनी एका सतरंजीवर बसून करायची. मी कोणाला मंत्र देत नाही, गंडा-दोरा देत नाही. प्रार्थना आटोपली की पाच-सात जणी मागे रेंगाळतात. तेव्हा जे बोलणं निघतं त्यातून, आणि स्वतःच्या भोगण्यातून जे कळलं, तेवढंच सांगते.

तू विचारलंस की समजूत काढायची कशी. मला तुझ्या लिहिण्यात दुसराच प्रश्न ऐकू आला: आजी म्हणते ते खरंच तर नसेल? ही भीती आत बसलेली असताना आरशासमोर कितीही जोरात उलटं वाक्य म्हटलं, तरी ती भीती ऐकत नाही. लेकरू अंधाराला भ्यालं तर 'अंधार नाहीच' असं आपण त्याला सांगत नाही. कंदील घेऊन त्याच्यासोबत कोपऱ्यापर्यंत जातो. तसंच जाऊन पाहू.

जे खरंच आहे ते आधी पाहू. तुझ्या साडेचार एकराला ओलीत नाही, ही समजूत नव्हे. कर्ज आहे, त्यावर व्याज आहे, हीसुद्धा समजूत नव्हे. आणि २०१७ ची गुलाबी बोंडअळी काही तुझ्या बाबांचा धुरा-बांध पाहून आली नव्हती. त्या हंगामात विदर्भात गावोगाव बोंडं वरून धडधाकट आणि आतून कुरतडलेली निघाली. २००२ मध्ये बीटी कपाशी आली तेव्हा लोकांना वाटलं, बोंडअळीची चिंता मिटली. पुढे गुलाबी अळीला त्या बियाण्यातलं विष पचू लागलं, वर आपण फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी शेतात, ठेवत गेलो, त्यामुळे तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळत राहिलं. या सगळ्यात तुझ्या घराण्याचा हात मला कुठे दिसत नाही.

हे आधी सांगते, कारण कर्जात बुडालेल्या माणसाला 'तुझे विचारच नकारात्मक आहेत' असं सांगणारे लोक मला सहन होत नाहीत. विचार बदलून विहिरीला पाणी लागत नाही. किती गोष्टी तुझ्या हातात आहेत, हे तुझी जमीन, कर्जाचा आकडा, घरातली खाणारी तोंडं यावर ठरतं आणि ते मला इथे बसून सांगता येणार नाही. मी बोलते आहे ते फक्त तुझ्या वाट्याच्या त्या तुकड्याबद्दल, जो या समजुतीनं झाकून टाकला आहे.

आता शेळ्यांकडे ये. सात मेल्या. कशानं मेल्या? तू ते लिहिलं नाहीस. पावसाळ्याच्या तोंडाशी कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं, पोट फुगलं, सकाळी पाहतो तर मेलेली, असं झालं असेल तर आंत्रविषाराची शंका घेतात. त्याची लस पावसाळ्याआधी टोचतात आणि पहिल्यांदा टोचताना साधारण दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात. नाक गळत होतं, तोंडात फोड आणि हगवण होती, तर पीपीआर नावाचा शेळ्यांचा रोग असू शकतो, त्याची लस वेगळी. मी काही जनावरांची डॉक्टर नाही, तालुक्याच्या दवाखान्यात विचारून घे. माझं म्हणणं वेगळंच आहे. 'कशानं मेल्या' हा प्रश्न तुझ्या मनात उठलाच नाही, कारण उत्तर आधीच घरात तयार होतं. हाताला यश नाही. एकदा हे उत्तर मिळालं की माणूस दवाखान्यात कशाला जाईल?

अशा समजुतीचं खरं नुकसान इथे होतं. ती मनाला दुःख देते हे आहेच, पण ती 'कशानं' विचारू देत नाही. आणि मोजू देत नाही. अकरांतून सात गेल्या म्हणजे चार जगल्या. त्या चारांबद्दल तू एक शब्दही लिहिला नाहीस.

मला हे अंगणवाडीच्या काट्यानं शिकवलं. आढ्याला टांगलेला काटा, त्याला झोळी, झोळीत लेकरू. बरीच वर्षं झाली, एक बाई महिन्या-महिन्याला लेकरू आणायची आणि काट्याकडे न पाहता भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. म्हणायची, "मॅडम, माह्या दुधातच सत्त्व नाही, याले काही अंगी लागत नाही." पहिलं लेकरूही तिचं असंच किडकिडीत होतं, तेव्हा सासूनं हे म्हटलं होतं. मी तिला समजावायचे की असं काही नसतं. काही उपयोग झाला नाही. मग एक दिवस मी समजावणं सोडलं आणि तिलाच काटा नि वजनाचा तक्ता वाचायला लावला. बोट धरून दाखवलं, ही रेघ मागच्या महिन्याची, ही आजची. चौथ्या महिन्यापर्यंत लेकरू हिरव्या पट्ट्यात, म्हणजे चांगल्या वजनात होतं, पाचव्यात घसरलं. मी विचारलं, पाचव्या महिन्यात काय झालं होतं? ती बराच वेळ बोटाखालची रेघ पाहत राहिली. मग म्हणाली, "निंदणाले जात होती मी. सकाळी पाजून जाऊ, ते थेट दिवस बुडता पाजू."

दुधात सत्त्व होतंच, फक्त लेकराला ते दिवसभर मिळत नव्हतं. तिची मजुरी काही बंद होणार नव्हती, म्हणून तिच्या आईला लेकरू दुपारी शेतात घेऊन जायला सांगितलं. पुढच्या महिन्यात बाई काट्याकडे तोंड करून उभी होती. तिची समजूत काढण्यासाठी मी काहीच केलं नव्हतं. पाहायला काहीतरी हातात आलं आणि ती समजूत बिनकामाची झाली.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला काटा दाखवणं सोपं असतं.

माझं लग्न १९८८ मधलं. चार महिने झाले नि जोडीतला एक बैल साप चावून गेला. त्याच वर्षी चुलत सासरे तापानं गेले. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द मी विहिरीवर ऐकला, म्हणणारीला मी मागे उभी आहे हे माहीत नव्हतं. घरात तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात, दहीभात शेतात न्यायचा, पूजा करायची आणि घरच्या बाईनं पहिला कापूस वेचायचा. त्या दिवशी मला घरी काहीतरी काम निघायचं. दोन वर्षांनी कोणाला काम काढावंही लागेना. मीच म्हणायला लागले, तुम्ही व्हा पुढं, मी मागून येते. नऊ वर्षं मी मागून गेले.

लक्षात घे, लोक कधीचेच थांबले होते. ते वाक्य मीच चालवत होते.

त्या काळात मी प्रार्थनेला नुसती जाऊन बसायचे. तिथं एक म्हातारी होती, भजनात खंजिरी वाजवायची. एकदा तिच्याजवळ रडले. ती म्हणाली, "आण बरं तुहे पाय इकडं." मला वाटलं आता अंगारा लावेल. तिनं दिवा जवळ ओढला, माझा तळवा मांडीवर घेतला आणि निरखून पाहिला. पावसाळ्याचे दिवस होते, भेगांमध्ये काळी माती जाऊन बसली होती, ती कितीही घासली तरी निघायची नाही. म्हणाली, "मले तं काळेच दिसून रायले वं बाई. पांढरं कुठी हाय, तूच दाखव."

मी हसले नाही. त्या वेळी नुसतं पाहिलं. नऊ वर्षांत मी स्वतःचे पाय पाहिलेच नव्हते, लोकांनी म्हटलेलं तेवढं पाहत होते.

१९९७ मध्ये सासूबाईंचा पाय मोडला आणि सीतादही माझ्यावर आलं. हात थरथरत होते. पहिल्या बोंडाला हात लावताना वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. त्या वर्षी एकरी तीन क्विंटल कापूस झाला. ना चांगलं पीक ना वाईट, दरवर्षीसारखं. आणि मी तुला मनापासून सांगते, तीनच क्विंटल झाला हे माझ्यावर देवाचे उपकार. आठ क्विंटल झाला असता तर मी म्हटलं असतं, माझे पाय लक्ष्मीचे आहेत. मग पुढच्या कोरड्या साली तेच पाय परत पांढरे झाले असते.

म्हणून तुझं आरशासमोरचं वाक्य मला पटत नाही. 'माझ्या हाताला यश नाही' आणि 'मी यशस्वी आहे' ही दोन्ही वाक्यं पावसाचा नि भावाचा हिशेब तुझ्या हाताच्या नावावर मांडतात. एक काढून दुसरं लावलं तरी तू त्याच खुंट्याला बांधलेला राहशील. सोडायचं आहे ते हे: पीक, परीक्षा, शेळ्या यांवरून स्वतःची किंमत ठरवणं.

करायचं काय, ते आता.

बैलाच्या कानामागची गोचीड कशी काढतात, तू पाहिलं असशीलच. झटक्यात ओढली तर धड हातात येतं, तोंड आत राहतं आणि तिथं गाठ धरते. माझे सासरे आधी बैलाला गोंजारायचे, कान उलटा करून नीट पाहायचे, मग दोन बोटांनी अगदी कातडीला लागून पकडायचे आणि हळूहळू सरळ वर घ्यायचे. बैल कान झटकायचा नाही. समजुतीशी असंच वागावं लागतं. तिच्याशी भांडलं की तुटते, निघत नाही.

पहाटे घरातले उठायच्या आत ओसरीवर बस. दहा मिनिटं पुरे. डोळे मिट, श्वास चालतो तसा चालू दे. ते वाक्य येईल, त्याला बोलवावं लागत नाही. आलं की त्याला हाकलू नकोस आणि त्याच्याशी वादही घालू नकोस. दोनच गोष्टी बघ. हा आवाज कोणाचा आहे? आणि तो शरीरात कुठे लागतो? मला घशात लागायचा, गिळता न येणाऱ्या घासासारखा. वाक्य येतं, थोडा वेळ थांबतं आणि जातं. ते गेल्यावर मागे जो बसलेला असतो, तो तू. संत ज्याला साक्षी म्हणतात ते मला तरी इतकंच कळलं आहे. पहिले कितीतरी दिवस काहीच कळणार नाही, झोप येईल, कंटाळा येईल. बसत राहा.

रात्री एका वहीत दोन ओळी लिही. वरच्या ओळीत काय झालं, खालच्या ओळीत मी काय म्हटलं. 'मोटार जळाली.' 'माझ्याच वेळेला जळते.' बस, एवढंच. कापूस वेचताना पत्ती येऊ नये म्हणून बाया कशी बोटं चालवतात, तसं झालेलं आणि म्हटलेलं वेगळं करायची सवय लागते. परीक्षेचंही असंच लिही. थोडक्यात राहिली म्हणजे किती गुणांनी, कोणत्या विषयात? तो आकडा लिहिला की पुढच्या खेपेला काय वाचायचं ते दिसेल. नुसतं 'राहिली' लिहिलं तर फक्त नशीब दिसतं.

आणि तिसरं काम आजीकडे. याला मी सगळ्यात जास्त मानते. तिच्याशी हुज्जत घालू नकोस, तिला अंधश्रद्धाळू म्हणू नकोस. संध्याकाळी तिच्या खाटेजवळ बस आणि विचार, "आजी, हे तू पहिल्यांदा कवा म्हणलं होतं?" मी कितीतरी जणींना हा प्रश्न घरी विचारायला लावला आहे. बहुतेक वेळा असं निघतं की ते वाक्य शाप म्हणून जन्मलेलंच नसतं. कोणाचं तरी खूप मोठं नुकसान झालेलं असतं, घरातला कर्ता माणूस डोकं धरून बसलेला असतो आणि त्याच्या आईला त्याच्यावरचं ओझं उचलायचं असतं. ती म्हणते, तुझं काही चुकलं नाही बाबू, आपल्या हातालाच यश नाही. त्या रात्री ते औषध असतं. कदाचित त्या वाक्यानं तुझ्या बाबांना २०१७ चा हिवाळा काढायला मदत केली असेल. औषध म्हणून दिलेलं ते नातवाच्या रोजच्या जेवणात आलं, एवढीच चूक झाली. आजी काय सांगेल ते मला माहीत नाही, तुझ्या घरची गोष्ट वेगळीही असेल. पण तिच्या तोंडून ऐकशील तेव्हा ते वाक्य आकाशवाणी वाटणार नाही, एका बाईनं एका रात्री म्हटलेलं वाटेल.

कोणी म्हणेल, हे तर प्रारब्ध आहे, त्याला काय करणार. मी प्रारब्ध मानते. पण ते झालेल्या गोष्टीबद्दल बोलायचं असतं, झालं ते गिळता यावं म्हणून. उद्याच्या पेरणीला प्रारब्ध म्हणायचा हक्क कोणाला नाही, आजीलाही नाही. गाडगेबाबा आपल्याच मुलखातले, १८७६ चा त्यांचा शेंडगावचा जन्म. ते कीर्तनात उपदेश कमी करायचे, प्रश्नच जास्त विचारायचे आणि उत्तर लोकांकडून काढून घ्यायचे. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायचा रिवाज होता, त्यांनी गोडाचं जेवण घातलं. लोक नाराज झाले. मला हा प्रसंग त्यांच्या पुढच्या सगळ्या मोठ्या कामांपेक्षा जवळचा वाटतो, कारण तो एका दिवसाचा, एका पंगतीचा आहे. धर्मशाळा बांधणं तुला-मला जमेल न जमेल, एक रीत एकदा मोडणं जमतं. तुझी पंगत कोणती, ते शोध. माझी सीतादहीची होती.

दोन गोष्टी सावध करण्यासाठी. 'घराला यश नाही' असं घर दिसलं की कोणीतरी बाहेरचं पाहायला सांगतं, आणि तो बाहेरचं पाहणारा करणी सांगून हजारांनी पैसे मागतो. त्याला एक रुपया देऊ नकोस. असल्या नावाखाली लुबाडणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, त्या वाटेला कोणी आलं तर पोलीस पाटलाला सांग.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुला किंवा बाबांना झोप लागेनाशी झाली असेल, जेवण तुटलं असेल, 'मी नसलो तर बरं' असं मनात येत असेल, तर हे पहाटे बसणं आणि वही लिहिणं त्याला पुरत नाही. मनाचा आजार हाही आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपल्या जिल्ह्यांमध्ये घराघरांनी काय सोसलं आहे ते तुला सांगायला नको. माझ्या प्रार्थनेला येणाऱ्या दोघींचे नवरे असे गेले, आणि दोघीही म्हणतात, तो काही दिवसांपासून गप्प झाला होता. बाबा बोलतात ना घरात, ते बघ. आजच बघ.

बाकी घाई करू नकोस. माझी नऊ वर्षं गेली, आणि आजही घरात काही वाईट झालं की क्षणभर नजर पायांकडे जाते. जाते आणि परत येते. पूर्वी तिथंच अडकायची.

आजी काय म्हणाली ते लिही. आणि त्या चार शेळ्यांना लस टोचली का, तेही कळव. आता मृग जवळ आला आहे.